आडून बोलण्याचे मराठी शब्द: टोमणा कुठे, कोपरखळी कुठे आणि शालजोडीतला कुठे

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आत्याच्या माळवदाच्या घरात एका सकाळी घडलेला प्रसंग मी मराठीच्या वर्गात अनेक वर्षे उदाहरण म्हणून सांगत आलो. आत्या ओसरीवर बसून सुपात ज्वारी पाखडत होती, माहेरपणाला आलेली तिची लेक शेजारी शेंगा फोडत होती आणि सून आत चुलीपुढे भाकरी थापत होती. आत्या लेकीला म्हणाली, “माय, तुमच्याकडं दिवस कवा उगवतो गं? आमच्याकडं आताशा लई उशिरा उगवायलाय.” लेक काहीच बोलली नाही, पण आतला भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि मग नेहमीपेक्षा जरा जोरात सुरू झाला. सुनेने बाहेर येऊन जाब विचारला असता, तर आत्याचे उत्तर तयारच होते: “तुला कोण काय म्हणलं? मी लेकीला इचारलं.”

या बोलण्याला काय म्हणावे, असे विचारले की वर्गातून एकमुखाने ‘टोमणा’ असे उत्तर येई. ते ढोबळमानाने बरोबर होते आणि नेमकेपणाने चूक होते. ज्या भाषेत ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण अगदी या प्रसंगासाठीच घडवून ठेवलेली आहे, तिथे नुसता ‘टोमणा’ म्हणून भागवणे म्हणजे पेटीत पाना असताना पकडीने नट फिरवण्यासारखे आहे. आडून बोलण्यासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. टोमणा, कोपरखळी, चिमटा, टोला, शालजोडीतला, खोच, वक्रोक्ती, उपरोध, गर्भित आरोप, पिल्लू सोडणे, संशय पेरणे, असे कितीतरी शब्द आहेत; पण ते एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यामुळे बातमीत, कथेत आणि अर्जफाट्यातही अर्थाचा गोंधळ होतो. पुढे सांगितलेली रीत विद्यार्थी, वार्ताहर, अनुवादक आणि सूत्रसंचालक अशा सर्वांना वापरता येईल. तिच्या मुळाशी माझे एकच निरीक्षण आहे: काय बोलले गेले यापेक्षा ज्याला बोलले गेले तो माणूस त्या वेळी कुठे बसला होता, यावरून मराठीने हे शब्द वाटून दिले आहेत.

पहिली पायरी: माणसे मोजा

शब्द निवडण्यापूर्वी प्रसंगाचा आराखडा मनात मांडावा. बोलणारा कोण, ज्याच्याशी बोलला तो कोण, ज्याला लागले तो कोण आणि ऐकणारे बाकीचे कोण, हे चार जण शोधावेत. कधी दुसरा आणि तिसरा एकच असतो, तर कधी चौथा नसतोच.

ज्याला लागायचे तो समोर असेल आणि बोलणे त्यालाच उद्देशून असेल, तर तो टोमणा होय. उशिरा आलेल्या पाहुण्याला “या, आम्ही आत्ताच जेवणं उरकली” असे म्हणणे हा टोमणा आहे. ज्याला लागायचे तो ऐकण्याच्या अंतरावर आहे, पण बोलणे भलत्यालाच उद्देशून आहे, तर ‘लेकी बोले सुने लागे’ हा प्रकार होतो. त्यासाठी लेक आणि सून असण्याची गरज नाही, कार्यालयात साहेब शिपायाला बोलून बाबूला ऐकवतात तेव्हाही हेच शब्द चालतात. आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो तिथे नसेलच, तर टोमणा हा शब्द वापरूच नये. गैरहजर माणसाला टोमणा मारता येत नाही, कारण टोमणा टोचण्यासाठी असतो आणि टोचायला समोर अंग लागते. पारावर चार जणांत कोणी म्हणाले, “शाळेच्या खोल्यांचं काम थांबलं आणि त्याच महिन्यात सरपंचाचा बंगला उभा राहिला, योगायोग बघा,” तर सरपंच तिथे नसताना केलेले हे बोलणे म्हणजे संशय पेरणे आहे. लेखी भाषेत त्याला गर्भित आरोप म्हणावे आणि बोलीत पिल्लू सोडणे किंवा पुडी सोडणे म्हणावे. पुडी सोडणे यात गोष्ट बहुधा खोटी असल्याचे सूचन आहे आणि पिल्लू सोडणे यात ती पुढे आपोआप वाढत जाईल असे सूचन आहे, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

हा शेवटचा भेद माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा मोडला जातो. टोमणा घरात भांडण लावतो, पण गर्भित आरोपाने माणसाची गावातली पत जाते. दोघांना एकच नाव दिले की दुसऱ्याचे वजन नकळत कमी होते.

दुसरी पायरी: शब्दांचा अर्थ आणि बोलण्याचा अर्थ वेगळे लिहून काढा

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे शब्दांतून सरळ निघणारा अर्थ लिहावा, उजवीकडे बोलणाऱ्याला पोहोचवायचा असलेला अर्थ लिहावा. डावीकडचा अर्थ वरवर निरुपद्रवी, खरा किंवा चक्क स्तुतीचा असेल आणि उजवीकडचा बोचरा असेल, तरच ते आडून बोलणे आहे. दोन्हीकडे एकच मजकूर आला, तर ती शिवी, टीका किंवा पाणउतारा आहे. तिला खोचक, सूचक वगैरे विशेषणे लावू नयेत.

ही रेघ काही मी शोधून काढलेली नाही. संस्कृत काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या: अभिधा म्हणजे सरळ अर्थ देणारी, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ अडला की जवळचा अर्थ देणारी, आणि व्यंजना म्हणजे सरळ अर्थ जागेवर ठेवून त्याच्या पलीकडचा अर्थ सुचवणारी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने या सुचवलेल्या अर्थाला ध्वनी म्हटले, आणि आपण आज ‘यातून असे ध्वनित होते’ असे लिहितो ते त्याच घराण्यातले आहे. मराठवाड्याच्या वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. ध्वनी समजावून सांगताना आनंदवर्धनाने जे प्राकृत उदाहरण घेतले, ते गोदावरीच्या काठचे आहे आणि ते गाथासप्तशतीत सापडते. हा संग्रह परंपरेने सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे आणि सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण.

त्या गाथेत एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते की, महाराज, आता निर्धास्त फिरा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारून टाकले. डावीकडे लिहावे: ‘खुशाल या.’ उजवीकडे लिहावे: ‘पुन्हा इकडे फिरकू नका,’ कारण ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे आणि कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकून काय करील हे तिला पक्के ठाऊक आहे. निमंत्रणाच्या शब्दांत मनाई, तीही अशी की कोणाला बोट ठेवता येऊ नये. आमच्या आत्याच्या सूर्योदयाचे मूळ इतके जुने आणि इतके जवळचे आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोन अर्थ निघाले म्हणजे ते आडून बोलणे झाले, असे नाही. पैठणच्याच एकनाथांच्या भारुडातही वर एक अर्थ आणि आत दुसरा अर्थ असतो. पण भारुडातला आतला अर्थ उलगडून सांगण्यासाठीच असतो, कीर्तनकार तो उघडून दाखवतो आणि तसे केल्याने भारूड अधिक रंगते. टोमणा उलगडून सांगितला की तो मरतो. म्हणून रूपक आणि टोमणा यांत संशय आला, तर बोलणाऱ्याला ‘म्हणजे काय?’ असे विचारून पाहावे. रूपक करणारा आनंदाने समजावून सांगेल. टोमणा मारणारा “काही नाही, सहज बोललो” असे म्हणेल.

तिसरी पायरी: धार पाहून नाम निवडा

ज्याला लागले तो समोरच आहे, एवढे ठरले की मग धार पाहावी. कोपरखळी हा शब्दच सांगतो की शेजारी बसलेल्याला कोपराने केलेले हे ढोसणे आहे. शेजारी बसण्याइतकी जवळीक नसेल तर कोपरखळी होत नाही. अधिक मासात धोंड्याच्या जेवणाला बोलावलेल्या जावयाला मेव्हणा म्हणतो, “दाजी, धोंडे जास्त गोड तर नाही झाले ना? आठवा घेतलात म्हणून विचारलं,” तेव्हा पंगतीबरोबर दाजीही हसतात आणि नववा घेतात. ज्याला मारली तोही हसू शकतो, ही कोपरखळीची खूण आहे. चिमटा तिच्यापेक्षा थोडा अधिक दुखतो, पण खूण राहत नाही. टोमण्याची खूण राहते. तो बऱ्याचदा वर्षानुवर्षे लक्षात राहतो आणि बहुधा जुन्या रागातूनच निघालेला असतो. टोला हा खरे तर आडून बोलण्याचा प्रकारच नाही, तो समोरासमोरचा आणि उघड असतो. बातम्यांचे मथळे देणाऱ्यांना तो दोन अक्षरांत मावतो म्हणून आवडतो, आणि मग कोणी सभ्यपणे केलेली सूचनाही ‘लगावलेला टोला’ होऊन बसते.

शालजोडीतला या शब्दावर जरा थांबायला हवे. शालीत गुंडाळून हाणलेला जोडा, असा त्याचा रूढ अर्थ आहे. म्हणजे दिसायला सत्कार आणि लागायला पायताण. त्यामुळे स्तुतीचा आव आणि थोडाफार समारंभी थाट असल्याशिवाय हा शब्द वापरू नये. घरात भाकरी करपली म्हणून नवरा काही तिरके बोलला, तर तो शालजोडीतला नव्हे, कारण तिथे शाल कुठेच नाही. वाचनालयाच्या वर्धापनदिनी वक्ता म्हणाला, “अध्यक्षांचे ग्रंथप्रेम एवढे आहे की वाचनालयातली दुर्मीळ पुस्तके आज त्यांच्या घरी सुखरूप आहेत,” तर तो अस्सल शालजोडीतला. अध्यक्षांना त्यावर टाळ्या वाजवाव्या लागतात आणि तेच त्याचे यश आहे.

उपरोध आणि वक्रोक्ती हे शब्द समीक्षेच्या भाषेतले आहेत, ते प्रसंगाऐवजी बोलण्याच्या रीतीचे नाव सांगतात. म्हणून ‘त्याने उपरोधाने म्हटले’ हे चांगले मराठी आहे, पण ‘त्याने तिला एक उपरोध मारला’ हे नाही.

चौथी पायरी: क्रियापद चुकवू नका

नाम बरोबर निवडले आणि क्रियापद भलतेच लावले, की वाक्य परके वाटू लागते. टोमणा मारतात, कोपरखळीही मारतात, चिमटा काढतात किंवा घेतात, टोला लगावतात किंवा हाणतात, शालजोडीतला हाणतात किंवा देतात, पुडी आणि पिल्लू सोडतात, मेख मारून ठेवतात, खोच ठेवतात. ज्याच्यावर हे सारे होते त्याच्या बाजूनेही मराठीत सोय आहे: टोमणे खावे लागतात, बोल लागतो, बोलणे जिव्हारी लागते. ‘टोमणे ऐकून घेतले’ यात सोशिकपणा आहे, ‘टोमणे खाल्ले’ यात नाइलाज आहे. कथा लिहिणाऱ्याने हा फरक हातचा सोडू नये.

‘सूचक’ या विशेषणाबद्दल एक सूचना. सूचक हास्य, सूचक मौन, सूचक विधान हे प्रयोग ठीक आहेत, पण सूचक विधान बोचरेच असेल असे नाही. ते मंगलही असू शकते. शिवाय सहकारी संस्थेच्या निवडणुकीच्या अर्जावर उमेदवाराच्या खाली जो सही करतो, त्यालाही सूचकच म्हणतात आणि त्याच्या मागून अनुमोदक येतो. ‘सूचकाने सूचक हास्य केले’ असे वाक्य एका विद्यार्थ्याने मला जाणूनबुजून लिहून दाखवले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले.

याहून अधिक घोळ ‘इशारा’ या शब्दाचा होतो, आणि तो मराठवाड्यात विशेषकरून होतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूतून चाले आणि दखनी तर आजही आपल्या मोंढ्यात आणि बसस्थानकावर कानावर पडते. उर्दूत आणि दखनीत इशारा म्हणजे खूण किंवा आडून केलेली सूचना. आजच्या प्रमाण मराठीत मात्र इशारा म्हणजे आधी दिलेली ताकीद: अतिवृष्टीचा इशारा, आंदोलनाचा इशारा. त्यामुळे ‘त्यांनी मला इशारा दिला’ असे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने म्हटले तर डोळ्यांनी खुणावले असा अर्थ असू शकतो आणि तेच वाक्य अर्जात लिहिले तर धमकावल्यासारखे वाचले जाते. लेखी मराठीत खूण, सूचना आणि इशारा हे तीन शब्द तीन कामांसाठी वेगळे ठेवावेत.

पाचवी पायरी: डंख कोणत्या अक्षरात आहे ते शोधा

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मराठीत आडून बोलण्याचे बरेचसे काम मोठ्या शब्दांऐवजी एक-दोन अक्षरांची अव्यये करतात आणि ती वगळली की सारा टोमणा गळून पडतो. उदाहरणासाठी एकच साधे वाक्य घेऊ: “आज लवकर आलात.” सकाळी साडेनऊला हे कौतुक आहे. दुपारी साडेबाराला तेच वाक्य, एकही अक्षर न बदलता, टोमणा होते. तिथे प्रसंग काम करतो. आवाज चढवून किंवा ‘लवकर’वर रेंगाळून ते म्हटले, तर सूर काम करतो, या सुराने अर्थ फिरवण्याला जुन्या शास्त्रकारांनी काकू असे नाव दिले होते, आणि वर्गात हे नाव घेतले की मागच्या बाकावरून हसू येई, कारण प्रत्येकाच्या घरी त्या शास्त्रातली तज्ज्ञ एक काकू होतीच.

आता अव्यये घालून पाहावे. “आज तरी लवकर आलात.” खरोखर लवकर आलेल्या माणसाला हे म्हटले, तर प्रत्येक शब्द खरा आहे, कौतुकही आहे, आणि तरीही आजवरच्या सगळ्या दिवसांचा हिशेब त्या ‘तरी’मध्ये मांडला गेला आहे. “आजही लवकर आलात,” हे रोज उशिरा येणाऱ्याला म्हटले तर ‘ही’ने रोजचा उशीर मोजला. “आज लवकर आलात म्हणे,” यात बोलणाऱ्याने स्वतःची साक्ष काढून घेतली आणि ती कुणा अनामिकाच्या तोंडी घातली. ‘म्हणे’ हा मराठीतला सर्वांत स्वस्त आडोसा आहे. “आज आपण लवकर आलात,” हे रोज अरे-तुरे करणाऱ्या मित्राने म्हटले, तर काहीतरी बिनसले आहे हे कोणालाही कळते. आदर वाढवून अंतर दाखवणे ही मराठीची खास खोड आहे आणि मराठवाड्यात तर “या महाराज”, “बसा सरकार” ऐकताच नवखा माणूसही सावध होतो.

‘बाकी’ आणि ‘निदान’ यांच्याकडेही लक्ष असू द्यावे. “बाकी लग्न छान झालं हं,” असे म्हणणाऱ्याने काय वगळले हे सांगितलेले नसते, आणि घरी परतल्यावर यजमान रात्रभर तेच शोधत बसतो: जेवण, मानपान, की मांडव? न बोललेले दुसऱ्याकडून भरून घेण्याची ही युक्ती इतकी सोपी आहे की लहान मुलेही तिचा वापर करतात.

सरावासाठी रोजच्या ऐकण्यातली पाच वाक्ये वहीत उतरवावीत आणि त्यातले एकेक अव्यय खोडून वाक्य पुन्हा वाचावे. ज्या अक्षरावाचून वाक्य निर्विष होते, तिथे डंख आहे. एकही अव्यय खोडून काही बदलले नाही, तर डंख प्रसंगात किंवा दोघांनाच माहीत असलेल्या जुन्या गोष्टीत आहे असे समजावे, आणि लिहिताना ती जुनी गोष्ट वाचकाला आधीच सांगून ठेवावी.

या शेवटच्या वाक्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका मुख्याध्यापकांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडे होते. ते वेळेचे भान न ठेवता राबले, असे मला म्हणायचे होते, म्हणून मी मोठ्या झोकात म्हणालो, “सरांनी आयुष्यात कधी घड्याळाकडे पाहिले नाही.” मंडपात आधी शांतता पसरली आणि मग मागच्या रांगांतून खुसखुस सुरू झाली. सर प्रार्थना संपल्यावर शाळेत येतात, ही त्या गावातली वीस वर्षांची थट्टा होती आणि ती ठाऊक नसलेला मंडपातला एकमेव माणूस मी होतो. दोन्ही अर्थ माझ्याच वाक्यात होते. टोमण्यासाठी लागणारे बाकीचे सारे सामान श्रोत्यांनी घरून आणले होते. तेव्हापासून जाहीर गौरवाचे वाक्य त्या गावच्या निदान एका माणसाला आधी वाचून दाखवल्याशिवाय मी बोलत नाही, आणि हाच सल्ला इतरांना देतो.

सहावी पायरी: दुसऱ्याचे आडून बोलणे लिहिताना

बातमीत किंवा इतिवृत्तात दुसऱ्याच्या बोलण्याची नोंद करायची असते, तेव्हा शक्यतो मूळ शब्द अवतरणचिन्हांत द्यावेत आणि आपला तर्क वेगळ्या वाक्यात मांडावा. ‘त्यांनी अध्यक्षांवर भ्रष्टाचाराचा आरोप केला’ असे लिहिणे चूक आहे, कारण आरोप त्यांनी शब्दांत केलाच नव्हता. ‘त्यांच्या बोलण्याचा रोख अध्यक्षांकडे होता’ हे बरोबर आहे. रोख हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. नाव न घेता दिशा दाखवली, एवढेच तो सांगतो. ‘सुचवले’ सौम्य आहे, ‘ध्वनित केले’ तटस्थ आहे, ‘अप्रत्यक्षपणे आरोप केला’ कडक आहे. यांतले कोणते क्रियापद घ्यायचे ते दुसऱ्या पायरीतल्या कागदाची उजवी बाजू पाहून ठरवावे. उद्गारचिन्ह आणि कंसातले हास्य घालून वाचकाला कोपराने ढोसू नये, कारण मग कोपरखळी वक्त्याची न राहता वार्ताहराची होते.

नाव घेतले नाही म्हणजे सुटलो, अशी एक समजूत गावोगाव आहे आणि ती धोक्याची आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, बदनामीच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे: पर्यायी स्वरूपात मांडलेला किंवा उपरोधाने व्यक्त केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. ‘आम्ही तर कौतुकच केले होते’ हा बचाव म्हणूनच आपोआप टिकत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘काही जण’, ‘एक नेते’, ‘ज्यांना कळायचे त्यांना कळेल’ असे लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सांगण्यासारखे खरे असेल आणि ते लोकहिताचे असेल, तर ते पुराव्यानिशी उघड सांगावे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये.

शब्दाच्या छटेबद्दल शंका राहिलीच, तर दोन जुने कोश उघडावेत: मोल्सवर्थ यांचा, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य चाळता येतात. कोश अर्थ सांगतो, पण कोण कुठे बसले होते हे सांगत नाही. ते आपणच पाहायचे.

सातवी पायरी: आपल्याला टोमणा आला तर

टोमणा मारणाऱ्याची सारी भिस्त ‘खाई त्याला खवखवे’ या न्यायावर असते. तुम्ही चिडलात की तुम्हीच उजवीकडचा अर्थ कबूल केलात असे होते, आणि तो मात्र डावीकडच्या अर्थात निर्धास्त बसलेला असतो. म्हणून पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय म्हणजे त्याचे बोलणे शब्दशः घेणे. “आज तरी लवकर आलात,” याला “हो, धन्यवाद,” असे शांतपणे म्हटले की टोमण्याला टेकायला जागा उरत नाही. दुसरा उपाय थोडा कठोर आहे: “नेमके कोणाबद्दल बोलता आहात, नाव सांगा,” असे चार जणांत विचारणे. गर्भित आरोप असेल तर हाच उपाय करावा, कारण तिथे गप्प राहणे म्हणजे संशयाला खतपाणी घालणे आहे. घरगुती टोमण्याला मात्र तो करू नये. सुनेने सासूला चार पाहुण्यांत नाव विचारले, तर प्रश्न सूर्योदयावर थांबत नाही. तिसरा उपाय म्हणजे तसाच, पण नीट शाल पांघरलेला जबाब देणे. तो सर्वांना साधत नाही, आणि न साधल्यास आपलेच हसे होते.

तो साधलेला मी एकदाच जवळून पाहिला. घड्याळाच्या त्या वाक्यानंतर मी घामाघूम होऊन आभाराची चिठ्ठी शोधत होतो, तेव्हा मुख्याध्यापक सत्काराची शाल सावरत माइकपाशी आले. त्यांनी आधी खिशातून घड्याळ काढून सावकाश पाहिले, मग माझ्याकडे वळून नमस्कार केला आणि म्हणाले, “सूत्रसंचालकांनी आमची फार बारकाईने माहिती काढलेली दिसते. सातचा कार्यक्रम त्यांनी साडेआठला सुरू केला, तेव्हाच मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.”